एक वचन, चार टीका आणि वऱ्हाडातला दत्तक

यवतमाळहून वर्ध्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे कळंब हे वऱ्हाडातले गाव असल्याने तेथील हिंदू कुटुंबांना एकेकाळी मिताक्षरा या टीकाग्रंथाच्या मुंबई शाखेचा कायदा लागू होई, तर वर्धा नदी ओलांडून मध्य प्रांतात पाऊल टाकले की सर्वसाधारणपणे बनारस शाखा गृहीत धरली जाई. हा फरक नुसता पुस्तकी नव्हता, कारण नवऱ्याची परवानगी नसताना विधवेला दत्तक घेता येते की नाही, म्हणजेच शेत कोणाच्या नावावर चढणार, हे त्यावर ठरत असे.

या वादाचे मूळ वसिष्ठाच्या एका वचनात आहे. पतीच्या अनुज्ञेवाचून स्त्रीने मुलगा देऊ वा घेऊ नये, असे ते वचन सांगते. मिथिलेच्या टीकाकारांनी ही अनुज्ञा दत्तकाच्या वेळीच हवी असा अर्थ लावून विधवेचा मार्गच बंद केला. बंगालने हयातीत दिलेली अनुज्ञा पुरेशी मानली. दक्षिणेत सपिंडांची, म्हणजे जवळच्या भाऊबंदांची, संमती चालू लागली. व्यवहारमयूखकार नीलकंठ भट्टाच्या, म्हणजेच मुंबई शाखेच्या, परंपरेने मात्र हे बंधन नवरा जिवंत असलेल्या स्त्रीपुरतेच आहे असे मानून विधवेला मोकळीक दिली. ब्रिटिश काळातले अंतिम अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने 1868 साली रामनाडच्या खटल्यात मूळ वचनाचा खरा अर्थ शोधणे हे न्यायालयाचे काम नव्हे, त्या त्या शाखेने कोणता अर्थ स्वीकारला आणि रूढीने तो कितपत उचलून धरला एवढेच पाहायचे, अशी भूमिका घेतली. टीकाकाराला इतका मान क्वचितच कुठल्या कायद्याने दिला असेल.

पुढचा पेच जमिनीचा होता. दत्तक पुत्र दत्तक पित्याच्या मृत्यूच्या क्षणापासूनच कुटुंबात होता असे मानायचे, या कल्पनेला वकील मंडळी ‘रिलेशन बॅक’ म्हणतात. 1943 च्या अनंत विरुद्ध शंकर या निवाड्यात प्रिव्ही कौन्सिलने ती इतकी ताणली की दूरच्या भाऊबंदाकडे वारशाने गेलेली मिळकतही दत्तकाला परत मिळाली. भाष्यकारांनी यातला निर्णयाधार, म्हणजे निकालाला अपरिहार्य असलेले तत्त्व, आणि ओघात आलेले प्रासंगिक मत वेगळे काढायला सुरुवात केली. सर्वोच्च न्यायालयाने 1954 साली श्रीनिवास विरुद्ध नारायण खटल्यात ही कल्पना मृत पित्याच्या मिळकतीपुरती राखून भाऊबंदाकडून आलेल्या वारशावरचा दावा नाकारला.

1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने शाखाभेद संपवला आणि दत्तकापूर्वी कोणाकडे निहित झालेली, म्हणजे ज्यावर त्याचा हक्क कायम झालेला आहे अशी, मिळकत दत्तक मूल काढून घेऊ शकणार नाही असे कलम 12 मध्ये स्पष्ट सांगितले. वाद मिटेल असे वाटले, तर तो ‘निहित’ या शब्दाभोवतीच फिरू लागला. महाराष्ट्रातूनच गेलेल्या धर्मा शामराव आगलावे खटल्यात दोन भावांपैकी एक 1928 मध्ये वारला होता आणि त्याच्या विधवेने 1968 मध्ये, तब्बल चाळीस वर्षांनी, दत्तक घेतला होता. उरलेला भाऊ एकटाच सहदायाद, म्हणजे एकत्र मिळकतीतला जन्मसिद्ध हिस्सेदार, होता, तरी एकत्र कुटुंबाची मिळकत त्याच्याकडे या अर्थाने निहित झालेली नाही, ती एकत्र कुटुंबाचीच राहते, असे ठरवून 1988 साली सर्वोच्च न्यायालयाने दत्तकाला निम्मा हिस्सा दिला. ‘रिलेशन बॅक’ मागच्या दाराने परत आले, असा आक्षेप या निवाड्यावर घेता येतो आणि त्यात तथ्यही आहे. मात्र मधल्या काळात उरलेल्या भावाने कुटुंबाच्या गरजेसाठी जे विकून टाकले असेल, ते दत्तकाला सहसा उलटवता येत नाही.