वंगण : साधे की सिंथेटिक ?

गाडीचे तेल बदलायला गेलात की मिस्त्री हल्ली हमखास विचारतो, "साधं टाकू, का सिंथेटिक?" दोहोंच्या किमतीत सहज दुपटीचा फरक. ज्याचे पोट टॅक्सीवर किंवा टेम्पोवर आहे, त्याला हा प्रश्न किरकोळ नाही. इंजिन बसले की त्याची मिळकतही बसते. तेव्हा जादा पैसे मोजून आपण नेमके काय घेतो, ते पाहू या.

इंजिनात तेल करते तरी काय? धातूवर धातू घासू नये म्हणून मध्ये पातळ थर धरणे, हे त्याचे मुख्य काम. शिवाय पिस्टनची, बेअरिंगची उष्णता वाहून न्यायची, काजळी सामावून घ्यायची, गंज चढू द्यायचा नाही, हेही त्यानेच करायचे. म्हणून तेल काळे पडले की लगेच वाईट निघाले असे समजू नका. ते मळ पोटात घेते आहे, इतकेच.

साधे तेल म्हणजे जमिनीतून काढलेल्या कच्च्या तेलापासून शुद्ध केलेले खनिज तेल. धान्य निवडले की खडे जातात, पण दाणे काही सारखे होत नाहीत; तसेच याचे. त्यातले रेणू लहानमोठे राहतात, थोडे मेणही राहते. सिंथेटिक तेलाची तऱ्हा वेगळी. इथिलीनसारख्या वायूपासून हवे तसे रेणू कारखान्यात जोडून घेतात, त्यामुळे ते बरेचसे एका मापाचे असतात. कच्च्या तेलावरच हायड्रोजनची कडक प्रक्रिया करून बनवलेले तेलही पुष्कळ देशांत सिंथेटिक म्हणूनच विकले जाते, बरं का! दुसऱ्या महायुद्धात खनिज तेलाची टंचाई आणि रशियातली थंडी यांमुळे जर्मनीत अशा तेलांवर बरेच संशोधन झाले. पुढे जेट विमानांनी ती वापरली, आणि १९७० नंतरच्या दशकात मोटारींसाठी ती बाजारात आली.

एका मापाच्या रेणूंचा फायदा काय? पहिला उष्णतेत. नागपूर-चंद्रपुरात पारा ४५ अंशांवर गेलेला, गाडीत माल भरलेला आणि पुढे चढ. अशा वेळी साध्या तेलातले हलके रेणू लवकर उडून जातात, उरलेले हवेशी संयोग पावून दाट होतात आणि गाळ धरतो. सिंथेटिक तेल ही आच अधिक काळ सोसते. ज्या गाड्यांना टर्बो आहे, त्यांच्या टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो, तोही तापलेल्या धुराच्या शेजारी. तिथे तेल करपले की नळी तुंबते आणि खर्च मोठा येतो.

दुसरा फायदा थंडीत. डब्यावर '५डब्ल्यू-३०' असे लिहिलेले असते. यातला डब्ल्यू हिवाळ्याचा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके तेल गारठ्यात लवकर वाहते. नंतरचा आकडा तापलेल्या तेलाचा दाटपणा सांगतो. लेहच्या उणे तापमानात हा गुण लाखमोलाचा. कोकणात त्याचे महत्त्व थोडे.

तिसरा फायदा, तेल जास्त दिवस टिकते. पण म्हणून ते अमर नव्हे. त्यात मिसळलेली औषधे संपतात, इंधन झिरपते. गाडीच्या पुस्तिकेत जितके किलोमीटर किंवा महिने लिहिले असतील, त्यांतले जे आधी भरेल तेव्हा तेल बदलावेच.

आता काही समज. "एकदा सिंथेटिक टाकलं की परत साधं चालत नाही," असे म्हणतात. ते खरे नाही. मोटारीची ही तेले एकमेकांत मिसळतात. मात्र झिजलेले इंजिन महाग तेलाने बरे होत नाही. ते तेल पीतच असेल, तर महागाचे पिईल एवढेच! मोटरसायकलवाल्यांनी आणखी एक जपावे. पुष्कळ मोटरसायकलींचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो. मोटारीचे निसरडे तेल तिथे घातले तर क्लच घसरू शकतो. डब्यावर 'जासो एमए' ही खूण पाहूनच तेल घ्यावे.

तर हिशेब असा. पुस्तिकेत सिंथेटिक सांगितले असेल, किंवा टर्बो असेल, तर कंजुषी नको. जुन्या साध्या गाडीला पुस्तिकेतल्या दाटपणाचे खनिज तेल वेळेवर बदलले, तरी ती नीट चालते. महाग तेल घालून वर्षभर झाकण न उघडणाऱ्यापेक्षा, दर आठवड्याला पट्टी काढून पातळी पाहणाऱ्याचे इंजिन सुखी. आणि तेल बदलल्यावर रिकामा डबा भोसकून टाका, म्हणजे त्यात कोणी बनावट माल भरणार नाही. काढलेले तेल मात्र गटारात ओतू नका. ते विहिरीच्या पाण्यापर्यंत पोचते. ते गोळा करून पुन्हा शुद्ध करणाऱ्यांकडे जाईल, अशाच गॅरेजात द्या.