जुन्या वाहनांची घरगुती दुरुस्ती



जालन्याचे नाव बाहेरगावी निघाले म्हणजे दोन गोष्टी हटकून आठवतात : बी-बियाणे आणि लोखंड. यांपैकी लोखंडाचा आजच्या विषयाशी निकटचा संबंध आहे. येथील पोलादाच्या कारखान्यांत मोडीचे लोखंड विजेच्या भट्ट्यांत वितळते, त्याचे ठोकळे ओतले जातात, आणि ते ठोकळे तापवून रुळांतून काढले की घरबांधणीच्या सळया तयार होतात. आपल्या दारात उभी असलेली जुनी स्कूटर सुमारे शंभर किलो वजनाची असते. भंगारवाल्याच्या काट्यावर ती चढली की तिची किंमत त्या शंभर किलोंचीच. परंतु मंठ्याचा किंवा जाफराबादचा एखादा गृहस्थ तीच स्कूटर घेऊन रोज सकाळी दुधाच्या किटल्या पोचवीत असेल, तर त्या गाडीवर एका घराची चूल चालते. ती भट्टीत जावी की रस्त्यावर राहावी, हे पुष्कळदा एखाद्या ऑइल सीलवर किंवा ब्रेकच्या वायरीवर अवलंबून असते. म्हणून या क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूंविषयी आज थोडे सविस्तर बोलावयाचे आहे.

चेतक १९७२ साली बाजारात आली. त्याच साली लूना आली. त्यांच्या जोडीला राजदूत, येझदी, बुलेट, एम-८०, आणि चारचाकींत जीप, पद्मिनी व अॅम्बॅसडर. यांतील पहिल्या घडणीच्या बहुतेक गाड्यांचे उत्पादन केव्हाच थांबले आहे. चेतक हे नाव २०२० पासून पुन्हा रस्त्यावर दिसते खरे, पण ती विजेवर चालणारी निराळीच गाडी. जुन्यांचा एक मोठा गुण असा की त्या उघडता येतात. त्यांत संगणक नाही, आणि कोणता भाग काय काम करतो हे डोळ्यांना दिसते. साधे पाने, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, कानस, फिलर गेज आणि थोडा धीर एवढ्या सामग्रीवर निम्म्याहून अधिक कामे ओसरीत होऊ शकतात.

तथापि हाच गुण त्यांना भोवतो. उघडता येते म्हणून प्रत्येक जण उघडतो. माझ्या मते जुन्या गाडीला वयाने जेवढे आजार होतात, त्याहून अधिक तिच्यावर पूर्वी झालेल्या दुरुस्त्यांनी होतात. कोणी मूळ जेट काढून दुसऱ्या गाडीचा बसविलेला असतो, कोणी फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळलेली असते, कोणी स्प्रिंग ताणून लांब केलेली असते. म्हणून पहिले काम पाना हाती घेण्याचे नाही. गाडीची मूळ मापे मिळवावी. जुन्या पुस्तिकेत ती असतात, नसल्यास जाणत्या मेकॅनिककडे असतात. मग एक वही घालावी. आज काय उघडले, कोणती वायर कुठे होती, काय बदलले, हे तीत लिहावे. आणि एका वेळी एकच फेरफार करावा. प्लग, कार्ब्युरेटर आणि पॉइंट एकाच बैठकीत बदलले आणि गाडी सुरू झाली, तर आनंद होतो. पण रोग कोणता होता ते कळत नाही, आणि तीन आठवड्यांनी तो परत आला म्हणजे पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो.

गाडी सुरू होत नाही, ही सर्वांत नेहमीची तक्रार. येथे निदानाचा क्रम ठरलेला आहे. दहा-पंधरा किका मारून प्लग काढावा आणि त्याच्याकडे नीट पाहावे. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल येत नाही : टाकीच्या झाकणाचे छिद्र बुजले आहे, कॉक तुंबला आहे, किंवा जेटमध्ये कचरा अडकला आहे. प्लग ओला असेल तर पेट्रोल येते, पण ठिणगी पडत नाही किंवा पेट्रोल प्रमाणाबाहेर येते. ठिणगी पाहताना प्लगचे धातूचे अंग इंजिनाला टेकवून किक मारतात. परंतु प्लगचे भोक त्या वेळी उघडे असते व त्यातून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते. म्हणून प्लग त्या भोकापासून दूर टेकवावा आणि भोकावर जाड फडके धरावे. असे न केल्याने हात भाजून घेतलेली माणसे जिल्ह्यातल्या कोणत्याही गॅरेजात भेटतील.

चालत्या गाडीचा प्लगही बोलका असतो. विटकरी-तपकिरी रंग उत्तम. काळा व तेलकट असल्यास तेल किंवा पेट्रोल जास्त, अथवा ठिणगी कमजोर. पांढरा फटक असल्यास सावध व्हावे. इंधनाच्या मानाने हवा जास्त जात आहे आणि इंजिन आतून भाजत आहे. दोन-स्ट्रोकच्या इंजिनात याचे कारण पुष्कळदा क्रँकचे ऑइल सील फुटलेले असणे हे असते. तेथून चोरून हवा शिरते, गाडी मध्येच आपोआप रेस होते, आणि एखाद्या चैत्रातल्या दुपारी अंबडच्या रस्त्यावर पिस्टन धरून बसतो. मग बोअरिंगचा खर्च आला. सीलची किंमत त्याच्या तुलनेने काहीच नाही.

स्कूटर तिरकी करून किक मारण्याची पद्धत एके काळी घरोघर होती आणि तिची थट्टाही पुष्कळ झाली. ती अंधश्रद्धा मात्र नव्हे. तिरकी केल्याने अडलेले पेट्रोल कार्ब्युरेटरात उतरावयास मदत होते. पण रोज तिरकी करावी लागणे ही, पेट्रोलची वाट कुठेतरी तुंबली आहे, याचीच बहुधा खूण असते. ती वाट साफ करावी. जेट तारेने कधीही टोकरू नये, भोक मोठे होते. पेट्रोलमध्ये भिजवून पंपाच्या हवेने फुंकावा.

आता ब्रेक. इंजिन बंद पडले तर माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहतो. ब्रेक गेला तर काय होते हे सांगावयास नको. असे असूनही घरगुती दुरुस्तीत ब्रेकचा क्रमांक शेवटी लागतो, कारण ब्रेक आवाज करीत नाही व पेट्रोलही खात नाही. माझा आग्रह असा की जुनी गाडी हाती आली की प्रथम तिचे ब्रेक उघडावे, आणि इंजिनाकडे मागाहून वळावे.

स्कूटरचा मागचा ब्रेक धरत नाही म्हणून लोक वायर ताणीत जातात. ताणता ताणता अॅडजस्टरचे आटे संपतात. तेथे थांबावे आणि ड्रम काढावा. आत दोहोंपैकी एक गोष्ट आढळेल. लायनर झिजलेले असतील, किंवा तेलाने माखलेले असतील. माखलेले लायनर पेट्रोलने धुऊन किंवा जाळून पुन्हा बसविण्याची चाल आहे, ती सोडून द्यावी. तेल लायनरच्या अंगात मुरलेले असते, ड्रम तापला की ते पुन्हा वर येते. आणि नुसते नवे लायनर बसवूनही भागत नाही. चेतकच्या घडणीत मागचे चाक थेट गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसते. त्या दांड्याचे सील गळू लागले की गिअरचे तेल सरळ ड्रममध्ये येते. सील न बदलता लायनर बदलणे म्हणजे गळक्या छपराखाली नवी गादी घालणे होय. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. म्हणून ड्रममधली भुकटी तोंडाने किंवा पंपाने फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

ब्रेकची व क्लचची वायर बाहेरून चांगली दिसते आणि आतून टोकाशी तिचे तंतू तुटत असतात. लिव्हरमधून टोक काढून पाहावे. एक तंतू तुटला असला तरी वायर बदलावी. चांगल्या वायरीला तेल पाजण्याची सोपी युक्ती अशी : वरच्या टोकाभोवती प्लास्टिकच्या पिशवीचा शंकू करून दोऱ्याने घट्ट बांधावा, त्यात दोन चमचे पातळ तेल घालावे व वायर रात्रभर उभी टांगून ठेवावी. सकाळी तेल खालच्या टोकाला आलेले असते. आपल्या काळ्या मातीचा चिखल वायरीत शिरून वाळला की ती कशी जड होते हे पावसाळ्यानंतर सर्वांना ठाऊकच आहे.

जीप, पद्मिनी, अॅम्बॅसडर यांचे ब्रेक तेलाच्या दाबावर चालतात. पेडल स्पंजासारखे दबत असेल तर नळ्यांत हवा आहे. पाय ठेवल्यावर सावकाश खाली जात असेल तर मास्टर सिलिंडरचे रबर गेले आहे किंवा कोठे तरी गळती आहे. हवा काढावयाची ती मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून आरंभ करून. निपलला नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवावे. एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने निपल उघडून बंद करावा, मगच पहिल्याने पाय काढावा. बाटलीत जमलेले तेल पुन्हा वापरू नये. आणि आडरानात ब्रेक ऑइल संपले म्हणून इंजिनाचे तेल ओतण्याचा मोह कितीही झाला तरी तसे करू नये. खनिज तेलाने त्यातली रबरे फुगतात. मग एका वॉशरचे काम सर्व चाकांचे होऊन बसते.

स्कूटरच्या चाकाबद्दल एक गोष्ट घरातल्या मुलांनाही सांगून ठेवावी. जुन्या स्कूटरची रिम दोन भागांची असते. चाक ड्रमला धरणारे नट निराळे व रिमचे दोन भाग एकत्र धरणारे नट निराळे. टायरात हवा असताना हे दुसरे नट सोडले तर रिमचा अर्धा भाग तोफेच्या गोळ्यासारखा उडतो. पंक्चर काढताना प्रथम व्हॉल्व्हची सुई काढून हवा पूर्ण सोडावी, मगच पाना लावावा. चारचाकीखाली शिरताना नुसत्या जॅकवर विसंबू नये, विटा तर मुळीच लावू नयेत. वीट भाराखाली चिरते. लाकडाचे ओंडके किंवा लोखंडी स्टँड घ्यावे.

इंधनाचा प्रश्न अलीकडे नव्याने उभा राहिला आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. उसाच्या जिल्ह्यात त्याविषयी वाईट बोलणे बरे दिसणार नाही, आणि नवी वाहने त्यासाठी घडविलेलीही आहेत. परंतु चाळीस वर्षांपूर्वीच्या कार्ब्युरेटराला ते ठाऊक नाही. इथेनॉल जुन्या रबराला फुगविते, हवेतला ओलावा ओढून घेते, आणि पाणी प्रमाणाबाहेर झाले की पाण्यासह टाकीच्या तळाशी वेगळे होते. म्हणून पेट्रोलची नळी व रबरी वॉशर नव्या प्रतीचे घालावे. महिनोन्महिने गाडी उभी ठेवावयाची असेल तर टाकी रिकामी करून कॉक बंद करावा आणि कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवावे. प्लग पांढरा पडू लागला तर एक नंबर मोठा जेट घालून पाहावा. पुढल्या घडणीच्या चेतकला लिटरमागे वीस मिलिलिटर टू-टी तेल लागते. धूर कमी व्हावा म्हणून तेल कमी करणारा गृहस्थ पिस्टनचे आयुष्य कमी करीत असतो.

राहिला फेरफारांचा विषय. तरुण मंडळींना यातच गोडी. सायलेन्सर आतून पोकळ केला की गाडी पळते अशी समजूत आहे. पळत नाही, फक्त ओरडते. दोन-स्ट्रोकच्या इंजिनात सायलेन्सरचा आकार हा इंजिनाच्या कामाचाच एक भाग असतो. जुन्या मॅग्नेटवर मोठा बल्ब लावला तर कमी वेगात तो पहिल्याहून मंद जळतो, कारण मॅग्नेटची वीज ठरलेली आहे. एलइडी दिवा लावावयाचा तर आधी रेक्टिफायर हवा. किटल्यांसाठी कॅरिअर जोडणे हा उपयुक्त फेरफार, पण भार चाकाच्या आसाच्या जितका मागे व वर जाईल तितके पुढचे चाक हलके होते. भार खाली व पुढे आणावा. कायद्याचेही भान ठेवावे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील मूळ बनावटीहून वेगळा पडेल असा फेरफार करता येत नाही. आणि खासगी गाडीला पंधरा वर्षे झाल्यावर नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, तेव्हा गाडी तपासणीला उभी करावीच लागते.

काही कामे मात्र ओसरीत करावयाची नाहीत. क्रँक बसविणे व बोअरिंग लेथवाल्याकडेच द्यावे. बंद खोलीत इंजिन चालवू नये, त्या धुरातला विषारी वायू वासावरून कळत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पेट्रोलच्या टाकीला घरी वेल्डिंग करू नये. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक घातक, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ व हवा मिसळून बसलेली असते, आणि ती धुऊन टाकली तरी सांध्यांत राहते. टाकीला बारीक भोक पडले असेल तर ती सोडवावी, रिकामी करून उन्हात उघडी ठेवावी, आणि हे काम रोज करणाऱ्या कारागिराकडे न्यावी. तो ती आधी वाफेने किंवा पाण्याने भरून घेतो की नाही, हे उभे राहून पाहावे. घेत नसेल तर टाकी उचलून दुसऱ्या दुकानी जावे.