सीलंट लावायचं ते क्लॅम्प निघण्याआधी

वाकडला राहून चाकणला इंजिन-जोडणीच्या कामावर जाणाऱ्याला हे सांगावं लागत नाही: दोन भागांच्या जोडावर सीलंट लावायचं ते तेल पुसून, कोरड्या धातूवर, बोल्ट कसण्याआधी. तेल झिरपू लागल्यावर वरून थापलेलं सीलंट टिकत नाही. महाधमनीच्या शस्त्रक्रियेतही सीलंट लावण्याचा निर्णय रक्त अडवणारा क्लॅम्प काढण्याआधी, शिवण कोरडी असतानाच व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

‘टाके नीट पडले तर सीलंट हवंच कशाला?’ हा आक्षेप ऐकायला रास्त वाटतो. पण सुई धाग्याहून जाड असते, त्यामुळे प्रत्येक टाक्यापाशी बारीकशी फट उरते. एरवी रक्ताची गुठळी ती बुजवते. इथे मात्र हृदय-फुप्फुस यंत्रासाठी हेपारिन देऊन रक्ताचं गोठणं मुद्दाम रोखलेलं असतं. ते पुढे प्रोटामिनने उलटवतात खरं, पण यंत्रातून फिरून आणि शरीर थंड केल्यामुळे प्लेटलेट तोवर दुबळ्या झालेल्या असतात. त्यात महाधमनीच्या भिंतीचे पदर सुटले असतील, म्हणजे डिसेक्शन झालं असेल, तर भिंत इतकी ठिसूळ होते की गळती थांबवायला घातलेला जादा टाकाच नवं छिद्र पाडतो. त्या घडीला कौशल्य कितीही असलं तरी सुईची मर्यादा आड येते.

पुरावाही आहे. ‘बायोग्लू’ या सीलंटमध्ये गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन आणि ग्लुटाराल्डिहाइड दुहेरी सिरिंजच्या तोटीत एकत्र येतात; अर्ध्या मिनिटात घट्ट होऊ लागतात, 2 मिनिटांत पुरती पकड घेतात. अमेरिकेत 2003 साली प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत नुसत्या टाक्यांच्या शंभरातल्या सुमारे 43 जोडांतून रक्त आलं, बायोग्लू लावलेल्या शंभरातल्या सुमारे 19 जोडांतून. हे आकडे गळतीचे आहेत, वाचलेल्या जिवांचे नव्हेत, हे विसरून चालणार नाही.

मग सरसकट सगळ्यांना का लावू नये? कारण ग्लुटाराल्डिहाइड पेशींना जाळतं. बायोग्लूआधीच्या जिलेटिन-रेसॉर्सिनॉल-फॉर्मल्डिहाइडच्या गोंदाने युरोपात अनेक डिसेक्शन सावरली. पण त्यातल्या फॉर्मल्डिहाइडमुळे भिंत मरून जोड पुन्हा फाटल्याच्याही नोंदी झाल्या. डुकराच्या वाढत्या पिलांमध्ये बायोग्लूने वेढलेली महाधमनी जोडाशी अरुंद राहिली, म्हणून लहान मुलांत हात आखडताच हवा. मोठ्यांतही पातळ थर पुरतो, आणि शेजारची, श्वासपटल हलवणारी फ्रेनिक नस झाकून घ्यावी लागते. फायब्रिन सीलंट सौम्य असतं. नवी मुंबईत रबाळ्याला रिलायन्स लाइफ सायन्सेस ते मानवी प्लाझ्मापासून बनवते. त्याची पकड कमी, त्यामुळे ठिसूळ भिंत सांधण्याचं काम त्याच्यावर सोपवता येत नाही. सुईच्या छिद्रांतून पाझरणारं रक्त मात्र ते थांबवतं. शिवाय अशा अनेक किटांमधली पावडर आधी विरघळवून घ्यावी लागते, म्हणजे परिचारिकेला त्याची सूचना शिवण चालू असतानाच मिळायला हवी.