भूत विनोद करू लागलं की...

'बागुलबुवा येईल हं!' असं म्हणत पोराला वरणभाताचा घास भरवणाऱ्या प्रत्येक आईला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. बागुलबुवा कधी दाखवायचा नसतो. तो दाराआड, माळ्यावर, अंधाऱ्या बोळातच बरा. एकदा का पोरानं दार उघडून बघितलं आणि तिथे केरसुणीशिवाय काही नाही हे त्याला कळलं, की संपला बागुलबुवा! मग घास भरवायला दुसरी युक्ती शोधा.

आपल्या आज्या-पणज्यांना कळत होतं ते अमेरिकेतल्या एका सिनेमा कंपनीच्या मात्र लक्षात आलं नाही. किंवा आलंही असेल, पण गल्ला भरत असताना कोण विचार करतं? मी बोलतेय ती 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट' या भयपटांच्या मालिकेबद्दल. १९८४ ते २०१० या काळात तिचे नऊ सिनेमे आले. पहिला पाहून झोप उडाली होती आणि सहावा पाहता पाहता झोप लागायची वेळ आली, असा हा सगळा प्रवास आहे.

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, समाजसेवा, बचतगट सोडून ही बाई आज भुताखेतांकडे कुठे वळली? सांगते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत इंजिनिअरिंगला असलेली माझी भाची आली होती. "मावशी, तू भुताच्या सिनेमाला घाबरत नाहीस ना, मग बस माझ्याबरोबर," म्हणाली. रोज रात्री एक याप्रमाणे लॅपटॉपवर आम्ही ही मालिका ओळीनं पाहिली. पहिल्या रात्री चिवड्याचा डबा समोर तसाच राहिला, कोणी हात लावला नाही. चौथ्या रात्री डबा रिकामा झाला आणि आम्ही दोघी खिदळत होतो. सहाव्या रात्री भाची मोबाइलवर मैत्रिणीशी गप्पा मारत होती आणि मी वाटाणे सोलत होते! हे असं का झालं असावं, हा विचार काही डोक्यातून जाईना.

आधी गोष्ट सांगते. अमेरिकेतलं एक छोटंसं गाव. तिथली चार किशोरवयीन मुलं, दोन मुली आणि दोन मुलगे. चौघांच्या स्वप्नात एकच माणूस येतो. भाजलेला चेहरा, डोक्याला मळकट हॅट, अंगात लाल-हिरव्या पट्ट्यांचा स्वेटर आणि उजव्या हाताच्या मोज्याला सुऱ्यांची लांब पाती. स्वप्नात त्यानं मारलं, की माणूस खरोखरीच मरतो. या माणसाचं नाव फ्रेडी क्रूगर. वीसेक लहान मुलांचे बळी घेणारा नराधम. पोलिसांनी त्याला पकडलेलं असतं, पण झडतीच्या कागदावर योग्य जागी सही राहिली म्हणून तो सुटतो. मग गावातले आई-बाप एकत्र येऊन त्याला जिवंत जाळतात आणि या कानाचं त्या कानाला कळू देत नाहीत. आता तो त्यांच्याच मुलांच्या झोपेत येतोय.

दिग्दर्शक वेस क्रेव्हन यांना ही कल्पना वर्तमानपत्रातल्या बातम्यांवरून सुचली. आग्नेय आशियातून निर्वासित म्हणून अमेरिकेत आलेले काही धडधाकट तरुण झोपेतच दगावत होते. त्यातला एक मुलगा तर भयानक स्वप्नांना घाबरून झोपायलाच तयार नव्हता. घरच्यांनी समजावून समजावून त्याला झोपवलं आणि रात्री एक किंकाळी ऐकू आली. जाऊन बघेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याच्या खोलीत लपवून ठेवलेलं कॉफीचं यंत्र सापडलं, असं क्रेव्हन सांगायचे. ऐकतानाच काटा येतो ना अंगावर?

पहिल्या सिनेमाला वीस लाख डॉलरहूनही कमी खर्च आला होता. त्यात फ्रेडी सगळा मिळून दहा मिनिटंसुद्धा दिसत नाही. दिसते ती भिंतीवरची सावली आणि ऐकू येतो लोखंडी नळीवर पाती घासल्याचा आवाज. आंघोळीच्या टबात नॅन्सीला डुलकी लागते आणि साबणाच्या फेसातून तो पंजा हळूच वर येतो. बाहेर आई दार वाजवतेय, "झोपू नकोस गं" म्हणतेय. त्या प्रसंगाला मी खरोखरच पदर तोंडात धरला होता.

पण आई म्हणून मला खरी भीती वाटली ती पंजाची नाहीच. मला भीती वाटली घरातल्या मोठ्या माणसांची! नॅन्सी जीव तोडून सांगतेय की कोणीतरी मला मारायला येतंय. आई म्हणते, तुला झोपेची गरज आहे. वडील पोलीस अधिकारी, तेही ऐकत नाहीत. आईला सगळं ठाऊक असतं, पण ती बाटलीत तोंड लपवते आणि उपाय काय करते, तर घराच्या खिडक्यांना गज बसवून दाराला कुलूप घालते. पोर आत आणि पोरीला मारणारा तिच्या स्वप्नात, म्हणजे तोही आतच! मुलींना सुरक्षित ठेवायचं म्हणून कोंडून ठेवायचं, हे आपल्याला काही नवीन नाही. शेवटी नॅन्सी एकटीच त्याच्यासमोर उभी राहते, त्याच्याकडे पाठ फिरवते, 'तुला दिलेली सगळी ताकद मी परत घेते' असं म्हणते आणि तो विरून जातो.

इथे गोष्ट संपायला हवी होती. क्रेव्हन यांना तसंच वाटत होतं. पण निर्माते बॉब शे यांना पुढच्या भागासाठी दार किलकिलं ठेवायचं होतं. म्हणून अगदी शेवटी एक धक्का जोडला गेला आणि त्या किलकिल्या दारातून पुढची सगळी वरात आली.

दुसरा भाग १९८५ मध्ये आला आणि त्यानं घराचा पायाच उखडला. फ्रेडी फक्त स्वप्नात येतो, हाच तर नियम होता ना? इथे तो एका मुलाच्या अंगात शिरून जागेपणी, पोहण्याच्या तलावाकाठच्या पार्टीत भर गर्दीत उभा राहतो. गर्दीतलं भूत कसलं भूत? तिसरा भाग, १९८७ चा, त्यातल्या त्यात बरा होता. त्याच्या लेखनात क्रेव्हन पुन्हा सहभागी होते. मानसिक उपचार केंद्रातली मुलं, 'हे स्वतःच जीव द्यायला बघतात' असं म्हणणारे डॉक्टर आणि मुलांचं खरं मानणारी, आता मोठी झालेली नॅन्सी. हा धागा पहिल्या गोष्टीशी इमान राखणारा होता. पण याच भागात फ्रेडी बोलका झाला. टीव्हीतून डोकं आणि हात बाहेर काढून तो एका मुलीला मारतो आणि वर एक टपोरी डायलॉग टाकतो. थिएटरमध्ये हशा पिकला असणार.

तो हशा कंपनीनं बरोबर ऐकला. १९८८ च्या चौथ्या भागात कुत्र्याच्या लघवीनं फ्रेडी जिवंत होतो! समुद्रकिनाऱ्यावर काळा गॉगल लावून येतो, पिझ्झा खातो. झुरळांना घाबरणाऱ्या मुलीचं झुरळ करतो. गंमत बघा, या भागानं अमेरिकेत सुमारे ४ कोटी ९० लाख डॉलर कमावले. पहिल्यानं कमावले होते अडीच कोटी. भीती कमी आणि पैसा दुप्पट! मग काय, टीव्हीवर फ्रेडी सूत्रधार असलेली मालिका आली, त्याची बाहुली आली, पोशाख आला. लहान मुलांचा जीव घेणारा राक्षस लहान मुलांचं खेळणं झाला. पण शिळ्या कढीला किती ऊत आणणार? पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, पाचव्या भागाची कमाई २ कोटी २० लाखांच्या आसपास घसरली.

१९९१ चा सहावा भाग 'हा शेवटचाच' असं सांगून आणला. त्यात फ्रेडी केरसुणीवर बसून चेटकिणीसारखा उडतो, व्हिडिओ गेम खेळत एका मुलाला भिंतींवर आपटतो. शेवटची काही मिनिटं कागदी चष्मा लावून थ्री-डीमध्ये बघायची. पण एका प्रसंगाला माझं हसू थांबलं आणि रागच आला. लहानपणी घरातल्या मारहाणीमुळे बहिरा झालेला एक मुलगा आहे. त्याच्या कानाच्या यंत्राशी खेळत, फळ्यावर नखं ओरबाडत फ्रेडी त्याला मारतो, तेही माकडचेष्टा करत करत. पहिल्या सिनेमात असं पोर आपलं वाटलं असतं. इथे ते फक्त गमतीचं साधन.

मला वाटतं, भीती नेमकी इथेच संपली. फ्रेडी जास्त दिसू लागला, जास्त बोलू लागला, हे आहेच. अतिपरिचयात अवज्ञा म्हणतात ती हीच. पण खरा बदल झाला तो आपल्या बसण्याच्या जागेत. पहिल्या भागात आपण नॅन्सीच्या शेजारी बसलेलो असतो, तिच्याबरोबर जागत असतो. चौथ्या-पाचव्या भागापर्यंत आपल्याला उचलून फ्रेडीच्या शेजारी बसवलेलं असतं. आता हा काय नवीन युक्ती काढतो, एवढंच आपण बघतो. मरणाऱ्या मुलीचं नाव तरी कोणाला आठवतं? झुरळाला घाबरणारी, एवढीच तिची ओळख. आणि गप्प बसलेल्या आई-बापांची ती जळजळीत गोष्ट तर हळूहळू कडेलाच पडली.

आपल्याकडे रामसे बंधूंनी १९९० च्या दशकात याच गोष्टीवर 'महाकाल' काढला होता. त्यात पंजाही होता, गाणीही होती आणि जॉनी लिव्हरची कॉमेडीही होती. आपल्याला ते हास्यास्पद वाटेल, पण त्यांनी एक शहाणपण पाळलं होतं. हसवणारा वेगळा आणि घाबरवणारा वेगळा! अमेरिकेतल्या मालिकेत ही दोन्ही कामं भुतालाच दिली गेली.

स्वतः क्रेव्हन १९९४ मध्ये सातव्या भागासाठी परत आले. त्यात नॅन्सीचं काम करणारी हेदर लँगनकॅम्प स्वतःच्याच भूमिकेत आहे, एका लहान मुलाची आई म्हणून. फ्रेडीचे विनोद आटले, तो पुन्हा काळोखात गेला आणि आता आई मुलावर विश्वास ठेवते का, हाच प्रश्न समोर आला. भाचीनं मोबाइल बाजूला ठेवला, मीही वाटाणे बाजूला ठेवले. सिनेमा चांगला होता, पण अमेरिकेत मालिकेतली सगळ्यात कमी कमाई त्याचीच झाली. एकदा विदूषक झालेल्याला लोक पुन्हा राक्षस मानायला तयार नव्हते. २००३ मध्ये दुसऱ्या मालिकेतल्या जेसन या खुन्याशी त्याची कुस्ती लावली, ती बघायला गर्दी झाली. आणि २०१० मध्ये नव्या नटाला घेऊन पहिला सिनेमा पुन्हा बनवला, तेव्हा विनोद बरेच कमी केले आणि फ्रेडी लहान मुलांचं लैंगिक शोषण करणारा होता हे उघड सांगितलं. तरी भीती काही परत आली नाही. विरजण बिघडलं की दूध बदलून काय उपयोग?

तुम्हाला वाटेल, सिनेमाच तो, एवढं काय मनावर घ्यायचं? पण मी ज्या समुपदेशन केंद्रात जाते, तिथे आया सांगत येतात, "पोरगी रात्री झोपतच नाही हो, सारखी दचकते." खोदून विचारलं की कधीकधी एखाद्या काकांचं, शेजाऱ्याचं नाव बाहेर येतं. आणि दरवेळी घरातलं कोणीतरी म्हणतंच, "छे हो, त्यांचा स्वभावच गमत्या आहे. सगळ्यांचीच थट्टा करतात." प्रत्येक लग्नकार्यात असा एक गमत्या माणूस असतो बघा. तो गाल ओढतो, कमरेला चिमटे काढतो, चावट बोलतो आणि सगळा मांडव हसतो. हसत नाही ती फक्त एक मुलगी. आपण तिलाच म्हणतो, "एवढं काय गं लावून घेतेस?"

लहान मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्ध २०१२ मध्ये आपल्याकडे पोक्सो कायदा आला. १०९८ या चाइल्डलाइनवर फोन करता येतो. पण कायदा आणि फोन यांच्याआधी लागतो तो मुलाचं ऐकणारा एक कान. भीती ही काही वाईट गोष्ट नाही, बायांनो. धोका कुठे आहे हे ती सांगते. ज्याची भीती वाटायला हवी त्याच्यावर आपण हसायला लागलो, की त्याचं काम सोपं होतं.

भुताच्या सिनेमावाल्यांनी काय करायचं ते त्यांचं त्यांनी बघावं. आपण एवढंच करू या. पुढच्या वेळी सगळे हसत असताना एखादी पोर गप्प दिसली, तर हसणं थांबवू आणि तिच्या शेजारी जाऊन बसू.