विश्लेषण : मोदक २५० करायचे की ३००? धंद्यातला अंदाज गणिताने कसा बांधतात?

गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी घरगुती उकडीचे मोदक विकणाऱ्यांसमोर एकच प्रश्न असतो : उद्या किती करायचे? कमी केले, तर सकाळी ११ वाजताच ‘संपले’ सांगून गिऱ्हाईक परत पाठवावे लागते. जास्त केले, तर उरलेले मोदक संध्याकाळी शेजारीपाजारी वाटावे लागतात. नारळ, गूळ, तांदळाची पिठी आणि मदतनीसाची मजुरी यांचा खर्च मात्र आधीच झालेला असतो.

बहुतेक जण हा निर्णय अंदाजाने घेतात. अंदाज वाईट नसतो, पण तो कागदावर मांडला तर नफ्यात चांगलाच फरक पडू शकतो. बीकॉम, एमबीएच्या अभ्यासक्रमात ‘क्वांटिटेटिव्ह टेक्निक्स’ म्हणजे संख्यात्मक तंत्रे या नावाने जे शिकवले जाते, त्यातला हा एक अगदी उपयोगी धडा. त्यासाठी शाळेतले गणित पुरते.

हा प्रश्न नेमका काय आहे?

या गणिताला ‘न्यूजव्हेंडर प्रॉब्लेम’, म्हणजे वृत्तपत्र विक्रेत्याचा प्रश्न, असे नाव आहे. विक्रेत्याला पहाटेच ठरवावे लागते की आज किती अंक घ्यायचे. कमी घेतले तर विक्री हुकते आणि उरले तर दुसऱ्या दिवशी त्यांची रद्दी होते. अर्थशास्त्रज्ञ फ्रान्सिस एजवर्थ यांनी १८८८ मध्ये बँकेने किती रोकड हाताशी ठेवावी, या संदर्भात असाच विचार मांडला होता. मोदक, फुले, ब्रेड, कॅन्टीनमधले जेवण, सणाचे कपडे अशा ज्या मालाची वेळ निघून गेली की किंमत पडते, त्या सगळ्यांना हे गणित लागू होते.

उदाहरणाने समजून घेऊ

समजा, एका मोदकाला खर्च २० रुपये येतो आणि तो ३५ रुपयांना विकला जातो. उरलेल्या मोदकाचे काहीच मिळत नाही. गेल्या १० चतुर्थ्यांची मागणी सोपेपणासाठी अशी धरू :

• २ वर्षे २०० मोदक
• ३ वर्षे २५० मोदक
• ३ वर्षे ३०० मोदक
• २ वर्षे ३५० मोदक

सरासरी निघते २७५. मग २७५ मोदक करायचे का? अनेक जण इथेच थांबतात. पण दरवर्षी ठरावीक संख्येने मोदक केले असते, तर वर्षाला सरासरी किती नफा झाला असता, ते पाहा :

• २०० केले तर ३,००० रुपये
• २५० केले तर ३,४०० रुपये
• २७५ केले तर सुमारे ३,३३८ रुपये
• ३०० केले तर ३,२७५ रुपये
• ३५० केले तर २,६२५ रुपये

यातला एक आकडा पडताळून पाहू. २५० मोदकांचा खर्च ५,००० रुपये. मागणी २०० ची असेल त्या २ वर्षांत ७,००० रुपये येतात, म्हणजे नफा २,०००. उरलेल्या ८ वर्षांत सगळे मोदक खपतात आणि नफा ३,७५० होतो. दहा वर्षांची बेरीज ३४,०००, म्हणून वर्षाला ३,४००.

‘गिऱ्हाईक परत जायला नको’ म्हणून दरवर्षी ३५० मोदक करणारी व्यक्ती २५० करणाऱ्यापेक्षा वर्षाला ७७५ रुपये कमी कमावते, आणि राबते मात्र जास्त.

सरासरी का चुकते?

कारण दोन्ही बाजूंचे नुकसान सारखे नाही. एक मोदक कमी पडला तर १५ रुपयांचा नफा हुकतो. एक उरला तर २० रुपये बुडतात. उरण्याचा फटका मोठा असल्याने हात थोडा आखडता घेणेच फायद्याचे ठरते.

याचे सूत्र सोपे आहे. कमी पडण्याचे नुकसान भागिले दोन्ही नुकसानांची बेरीज, म्हणजे १५ ÷ ३५, उत्तर सुमारे ०.४३. आता मागणीचे आकडे खालून वर मोजत जायचे. मागणी २०० किंवा त्याहून कमी असण्याची शक्यता २० टक्के आहे. २५० किंवा त्याहून कमी असण्याची शक्यता ५० टक्के. ४३ टक्क्यांचा टप्पा २५० वर पहिल्यांदा ओलांडला जातो, म्हणून उत्तर २५०.

माल बदलला तर उत्तर बदलते?

बदलते. तळणीचे मोदक दुसऱ्या दिवशीही चालतात. खर्च आणि भाव तेवढाच धरला आणि उरलेला मोदक दुसऱ्या दिवशी १२ रुपयांना गेला, तर उरण्याचे नुकसान फक्त ८ रुपये राहते. सूत्राने १५ ÷ २३, म्हणजे सुमारे ०.६५. आता ३०० मोदक करणे योग्य ठरते. मागणी तीच, गिऱ्हाईक तेच, पण माल टिकतो म्हणून निर्णय वेगळा.

परत गेलेले गिऱ्हाईक पुढच्या वर्षी दुसरीकडे जाईल अशी भीती असेल, तर तीही मोजता येते. उकडीच्या मोदकाचेच उदाहरण घेऊ. प्रत्येक हुकलेल्या मोदकामागे आणखी १० रुपयांचे नुकसान धरले, तर सूत्र २५ ÷ ४५, म्हणजे सुमारे ०.५६ होते आणि उत्तर पुन्हा ३०० वर जाते. हे १० रुपये कोणतेही सूत्र सांगत नाही. ते ठरवायला गिऱ्हाईक ओळखणारा माणूसच लागतो.

आगाऊ ऑर्डरवर किती सूट द्यावी?

मागणी आधीच अचूक कळली असती, तर एकही मोदक उरला नसता आणि एकही गिऱ्हाईक परत गेले नसते. तेव्हा सरासरी नफा २७५ गुणिले १५, म्हणजे ४,१२५ रुपये झाला असता. अंदाजावर चालून जास्तीत जास्त ३,४०० मिळतात. हा ७२५ रुपयांचा फरक म्हणजे खात्रीच्या माहितीची किंमत.

त्यामुळे आगाऊ बुकिंगसाठी सूट, मेसेज किंवा घरपोच सेवा यांवर मिळून ७२५ रुपयांपेक्षा जास्त खर्च करण्यात अर्थ नाही. बुकिंगमधून मागणीचा अंदाजच येणार असेल, पूर्ण खात्री नसेल, तर खर्च याहूनही कमी ठेवायला हवा.

सर्वात मोठी चूक कोणती?

विक्रीलाच मागणी समजणे. २५० मोदक केले आणि सगळे खपले, तर वहीत ‘२५०’ लिहिले जाते. पण ११ वाजल्यानंतर आलेल्या गिऱ्हाइकांना आणखी ६० हवे होते, हे कुठेच उतरत नाही. पुढच्या वर्षी याच आकड्यावर हिशेब केला, तर गणित बरोबर आणि उत्तर चूक.

म्हणून दोन गोष्टी टिपून ठेवाव्यात : माल किती वाजता संपला आणि त्यानंतर किती जणांनी विचारणा केली. शिवाय त्या दिवशी धो धो पाऊस होता का, समोर नवे दुकान उघडले होते का, हेही लिहावे. दहा वर्षांच्या नोंदी कोणाकडेच नसतात. तीन-चार वर्षांच्या नोंदी आणि स्वतःचा अंदाज यांवरही सुरुवात करता येते. फक्त शक्यता थोड्या बदलून उत्तर कितपत हलते, ते तपासावे.

हे शिकायचे कसे?

इंजिनीअरिंगला अनेकांनी ‘ऑपरेशन्स रिसर्च’च्या पेपरात सिम्प्लेक्स पद्धतीचे लांबलचक तक्ते सोडवलेले असतात. जॉर्ज डँटझिग यांनी १९४७ मध्ये मांडलेली ही पद्धत मोलाची आहे, पण सुरुवात तिथून केली की गणिताची धास्ती बसते. त्यापेक्षा हा क्रम सोपा :

• आधी ना नफा-ना तोटा बिंदू, म्हणजे किती नग विकल्यावर खर्च भरून निघतो, ते काढणे
• मग वरच्यासारखा निर्णयाचा तक्ता आणि शक्यतांनुसार सरासरी नफा
• त्यानंतर मागणीचा अंदाज आणि मालसाठ्याचे गणित
• शेवटी मर्यादित माल, वेळ आणि माणसे यांची वाटणी करणारे लिनिअर प्रोग्रामिंग

मोबाइलवरची स्प्रेडशीट यातल्या पहिल्या दोन टप्प्यांना पुरेशी आहे. पुढचे शिकायचे असेल, तर ‘एनपीटीईएल’वर आयआयटीच्या प्राध्यापकांची ऑपरेशन्स रिसर्चवरची व्याख्याने मोफत पाहता येतात.

मग निर्णय गणितावर सोडायचा का?

नाही. चतुर्थीला पाऊस पडेल का, हे सूत्राला माहीत नसते. पण चुकलो तर किती रुपयांनी चुकू, हे ते आधी सांगते. यंदा नारळ आणायला निघण्यापूर्वी तीन आकडे कागदावर लिहा : एका नगाचा खर्च, विक्रीचा भाव आणि उरलेल्या नगाचे मिळणारे पैसे. किती मोदक करायचे, याचे अर्धे उत्तर तिथेच मिळते.