एकाची घाण, दुसऱ्याचे खत

गोठ्यातले शेण दारात साठले तर ती घाण. तेच शेतात पडले तर खत. समुद्रातल्या मत्स्यशेतीचेही असेच आहे.

समुद्रात जाळ्यांचे मोठे पिंजरे बांधून त्यांत मासे वाढवतात. माशांना खाणे घालावे लागते. त्यातले काही उरते. शिवाय माशांची विष्ठा असते. पिंजरे दाटीने असले, पाणी खेळते नसले, की ही घाण साठते. पाण्यातला प्राणवायू कमी होतो. मासे रोगी होतात, मरतातही. मग सारी मेहनत पाण्यात!

यावर उपाय काय? माशांना सोबती द्यावेत. पाण्यात विरघळलेली घाण समुद्रशेवाळ शोषून घेते. तेच त्याचे खत. तरंगणारे बारीक कण शिंपले गाळून खातात. तळाचा गाळ समुद्रकाकडी नावाचा प्राणी खातो.

आम्ही ही नुसती कल्पना सांगत नाही. तामिळनाडूत मंडपमजवळ केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २०१४ ते २०१७ या काळात मच्छीमारांसह हे करून पाहिले. कोबिया माशांच्या पिंजऱ्याजवळ शेवाळाचे १६ बांबूचे तराफे ठेवले. शेवाळ ४५ दिवसांत काढणीला येते. या तराफ्यांवर इतर तराफ्यांपेक्षा जास्त शेवाळ आले. ते वाळवून विकता येते. म्हणजे पाण्यातली घाण घटते आणि पदरात दुसरे पीक पडते.

मात्र एक ध्यानात ठेवा. शेवाळ सगळीच घाण शोषत नाही. म्हणून खाणे बेतानेच घालावे, पिंजऱ्यांची दाटी करू नये. सोबती कितीही चांगले असले, तरी घर आपणच नीट ठेवायचे असते.