इंटरनेट दूरध्वनी सेवा, कार्यालयीन

व्यापारी कार्यालयातील संभाषणे तांब्याच्या स्वतंत्र दूरध्वनी तारांऐवजी इंटरनेटमार्फत वाहून नेण्याची व्यवस्था. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘व्हीओआयपी’ असेही म्हणतात. जुन्या पद्धतीत संभाषण संपेपर्यंत दोन व्यक्तींमध्ये एक मंडल राखून ठेवलेले असते. नव्या पद्धतीत आवाजाचे लहान अंकीय तुकडे (पॅकेटे) इतर माहितीबरोबर एकाच मार्गाने पाठविले जातात.

इतिहास : अमेरिकेची संयुक्त संस्थाने (अ. सं. सं.) येथील आर्पानेट या जाळ्यावर १९७४ मध्ये असे संभाषण प्रयोगादाखल करण्यात आले. व्होकलटेक या इझ्राएली कंपनीने १९९५ मध्ये संगणकावरून बोलण्याची आज्ञावली बाजारात आणली. संभाषण जुळविण्याची व तोडण्याची एसआयपी ही नियमावली १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. भारतात १ एप्रिल २००२ पासून इंटरनेट दूरध्वनीस मर्यादित परवानगी मिळाली. २०१८ मध्ये परवान्याच्या अटी बदलून ती विस्तृत करण्यात आली.

कार्यपद्धती : दूरध्वनीवर बोलणे कळण्यास सु. ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ कंप्रतेचा (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येचा) पट्टा पुरेसा होतो. या संकेताचे दर सेकंदास ८,००० नमुने घेऊन प्रत्येक नमुना ८ बिटांत मांडल्यास सेकंदाला ६४ किलोबिट माहिती तयार होते. सामान्यतः २० मिलिसेकंदांच्या आवाजाचे, म्हणजे १६० बाइटांचे, एक पॅकेट करतात व त्यास पत्ता, क्रम आणि वेळ दर्शविणारे ४० बाइट जोडतात. स्थानिक जाळ्यातील आणखी आवरण धरता एका संभाषणास प्रत्येक दिशेने सेकंदाला सु. ९० किलोबिट क्षमता लागते. वीस संभाषणे एकाच वेळी चालली, तरी ही गरज २ मेगाबिटांच्या आत राहते.

म्हणून खरी अडचण क्षमतेपेक्षा वेळेची असते. पत्र अर्ध्या सेकंदाने उशिरा पोहोचले तरी बिघडत नाही. परंतु आवाजास एका दिशेने १५० मिलिसेकंदांहून अधिक विलंब झाल्यास बोलणारे एकमेकांना अडवू लागतात. हरवलेले पॅकेट पुन्हा मागविण्यास सवड नसते. एखादी मोठी फाइल पाठविली जात असताना आवाज तुटू नये, यासाठी राउटरमध्ये ध्वनिपॅकेटांना अग्रक्रम द्यावा लागतो.

स्थलांतर : प्रथम कार्यालयातील सर्व तारांची नोंद करतात. संभाषणाच्या तारांखेरीज फॅक्स यंत्र, आगीची सूचना देणारी यंत्रणा व उद्‌वाहनातील (लिफ्टमधील) दूरध्वनी यांच्या तारा अनेकदा नजरेतून सुटतात आणि जुनी सेवा बंद झाल्यावरच त्यांची आठवण होते. त्यानंतर जाळ्याची चाचणी घेऊन थोड्या उपकरणांवर नवी सेवा सुरू करतात. जुना क्रमांक नव्या सेवेकडे वर्ग होईपर्यंत जुनी जोडणी तोडणे इष्ट नसते. तसे केल्यास ग्राहकांना माहीत असलेला क्रमांक गमावण्याचा धोका असतो. खाजगी शाखा केंद्र (पीबीएक्स) कार्यालयात ठेवता येते किंवा त्याचे काम सेवा देणाऱ्या कंपनीच्या संगणकांवर सोपविता येते. सोपे परवलीचे शब्द ठेवल्यास परक्या व्यक्ती यंत्रणेत शिरून कार्यालयाच्या खर्चाने परदेशी संभाषणे करू शकतात.

वीज व आपत्कालीन संपर्क : जुन्या दूरध्वनीस सु. ४८ व्होल्टचा विद्युत् पुरवठा केंद्रातील विद्युत् घटमालेकडून तारेतूनच मिळत असे. त्यामुळे इमारतीतील वीज गेली तरी तो चालू राही. नव्या व्यवस्थेत उपकरण, स्विच व राउटर यांपैकी एकाचीही वीज गेली की संपर्क तुटतो. यासाठी या सर्वांना घटमालेचा आधार देतात व मोबाइलचा पर्याय ठेवतात. तसेच उपकरण कोठेही नेऊन जोडता येत असल्याने मदत मागणारा कोठे आहे, हे केवळ क्रमांकावरून कळत नाही. नोंदविलेला पत्ता अद्ययावत ठेवावा लागतो. अ. सं. सं. मध्ये १६ फेब्रुवारी २०२० पासून लागू झालेल्या कायद्यानुसार नव्या कार्यालयीन यंत्रणेतून कोणताही आधीचा अंक न फिरविता ९११ हा क्रमांक लागला पाहिजे.

ब्रिटनमधील अनुभव या दृष्टीने बोलका आहे. तेथील जुने जाळे डिसेंबर २०२५ मध्ये बंद करण्याचे ठरले होते. तथापि, वृद्ध व आजारी व्यक्तींची मदत मागण्याची उपकरणे नव्या जोडणीवर निकामी ठरल्याच्या गंभीर घटनांनंतर २०२३ च्या अखेरीस सक्तीची स्थलांतरे थांबविण्यात आली आणि २०२४ मध्ये अंतिम मुदत जानेवारी २०२७ पर्यंत वाढविण्यात आली. जुन्या तारेवर बोलण्यापलीकडे काय काय अवलंबून आहे, याची आधी केलेली मोजदाद हीच कार्यालयाच्या स्थलांतरातील पहिली व सर्वांत महत्त्वाची पायरी होय.